मतदान पथकांची मूळ यादी कोण तयार करतो? कोल्हापूरच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा निवडणूक अधिकारी तथा जिल्हाधिकारी, कोल्हापूर,
आणि जिल्ह्यातील सर्व कार्यालयप्रमुख व मुख्याध्यापक

विषय : मतदान केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी यांच्या नेमणुकीसाठी मागवल्या जाणाऱ्या कर्मचारी-माहितीची पडताळणी होण्याबाबत

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे गणित शिकवले. त्या काळात लोकसभा, विधानसभा आणि जिल्हा परिषद मिळून नऊ निवडणुकांमध्ये मी मतदान पथकात होते. सुरुवातीला बोटाला शाई लावणारी मतदान अधिकारी म्हणून, पुढे मतदार यादी सांभाळणारी पहिली मतदान अधिकारी म्हणून आणि शेवटच्या तीन खेपांना केंद्राध्यक्ष म्हणून. मी आता निवृत्त आहे, माझ्या नावाने आदेश येणार नाही, त्यामुळे स्वतःची नेमणूक टाळावी किंवा काही सवलत मिळवावी असा या पत्राचा हेतू नाही. मतदान केंद्रावर बसणारी माणसे निवडली कशी जातात, त्या निवडीची पहिली पायरी कोणाच्या हातात असते आणि त्या पायरीवर कोणाचेच लक्ष कसे नसते, याविषयी मला जे अनुभवाने कळले आहे ते आपल्यासमोर आणि जिल्ह्यातील वाचकांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

ज्या वाचकांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगते. संविधानाच्या 324 व्या अनुच्छेदाने लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांचे नियंत्रण भारत निवडणूक आयोगाकडे दिले आहे, परंतु मतदान केंद्रे चालवण्यासाठी लागणारी लाखो माणसे आयोगाच्या पगारपत्रकावर नसतात. त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडानुसार आयोगाने मागणी केल्यावर राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी आवश्यक तो कर्मचारीवर्ग उपलब्ध करून द्यायचा असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 159 ने हीच जबाबदारी स्थानिक प्राधिकरणे, विद्यापीठे, शासकीय कंपन्या आणि शासनाच्या पैशावर पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी चालणाऱ्या संस्था यांच्यावरही टाकली आहे. आमच्यासारख्या अनुदानित शाळेतील शिक्षकांपर्यंत आदेश येतो तो याच वाटेने. प्रत्येक केंद्रासाठी केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमण्याचा अधिकार कलम 26 ने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याला दिला आहे. आणि 1989 साली आलेल्या कलम 28 अ नुसार ही सारी माणसे निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते, आयोगाच्या शिस्तीखाली येतात. केवढा हा पसारा आहे हे एका आकड्यावरून कळावे : 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात 1,00,186 मतदान केंद्रे होती. एका केंद्रावर केंद्राध्यक्षासह साधारण चार माणसे धरली तरी राखीव पथके सोडून चार लाखांवर कर्मचारी एका दिवसासाठी आपापली नेहमीची खुर्ची सोडून निघाले होते.

या माणसांना कोणत्या केंद्रावर पाठवायचे हे ठरवण्याची आजची पद्धत चांगली आहे, हे मी मनापासून मान्य करते. मी नोकरीला लागले तेव्हा कोण कुठे जाणार हे कचेरीतल्या एखाद्या टेबलावर ठरत असे, आणि सोयीचे केंद्र मिळण्यासाठी त्या टेबलाशी ओळख असावी लागे. आता संगणकावर तीन टप्प्यांत सरमिसळ होते. पहिल्या टप्प्यात जिल्ह्याच्या एकूण यादीतून गरजेपेक्षा काही टक्के अधिक कर्मचारी निवडले जातात. तेव्हा त्यांना मतदारसंघ ठाऊक नसतो. दुसऱ्या टप्प्यात आयोगाने पाठवलेल्या निरीक्षकांसमोर पथके बांधली जातात आणि मतदारसंघ ठरतो, पण केंद्र ठरत नाही. तिसऱ्या टप्प्यात, पथक साहित्य घेऊन निघण्याच्या बेतात असताना, केंद्राचा क्रमांक हाती पडतो. कर्मचारी जिथे राहतो, जिथे नोकरी करतो किंवा जिथला मूळ रहिवासी आहे त्या विधानसभा मतदारसंघात त्याला पाठवले जात नाही. एका पथकात शक्यतो वेगवेगळ्या खात्यांची माणसे असतात. चंदगडच्या शाळेतली शिक्षिका, शिरोळचा पाटबंधारे खात्यातला लिपिक आणि शहरातल्या बँकेतला अधिकारी असे एकमेकांचे नावही न ऐकलेले लोक साहित्य वाटपाच्या मांडवात पहिल्यांदा भेटतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, घेऊ लागतात. मी हे केले आहे, आणि अनोळखी माणसांनी एका रात्रीत एकमेकांवर विश्वास ठेवून केलेल्या त्या कामाइतके समाधान मला वर्गाबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही कामात मिळालेले नाही.

परंतु यादीत जी नावे घातली आहेत त्यांचीच सरमिसळ संगणक करतो. जे नाव यादीत आलेच नाही ते कोणत्याच टप्प्यात निघत नाही. ही मूळ यादी तयार होते ती निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक शाळेत. कर्मचाऱ्याचे नाव, पद, वेतनश्रेणी, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, यादीभाग आणि अनुक्रमांक, राहण्याचा, नोकरीचा आणि मूळ गावाचा मतदारसंघ, भ्रमणध्वनी, बँक खाते अशी माहिती कार्यालयप्रमुखाने भरून द्यायची असते. तिच्याखाली त्याची सही आणि शिक्का असतो. पुढची सगळी काटेकोर व्यवस्था, निरीक्षक, चित्रीकरण, तीन टप्पे, या एका सहीवर उभी असते.

ती सही मीही एकदा केली आहे, आणि कशी केली ते सांगितल्याशिवाय या पत्राला काही अर्थ राहणार नाही.

त्या वर्षी मी आमच्या शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका होते. तहसील कचेरीकडून तक्ता आला आणि मी सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची माहिती भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला की दोन शिक्षकांची नावे पाठवू नयेत, त्यांना संस्थेचे काम आहे. ते काम काय होते हे मला विचारावे लागले नाही. आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी त्या निवडणुकीत उभे राहणार असल्याची चर्चा गावभर होती. मी प्रभारी होते, कायम नेमणुकीचा प्रस्ताव संस्थेकडेच होता, आणि मी ती दोन नावे गाळली. तक्ता गेला. कोणी एक प्रश्न विचारला नाही. शाळेत मंजूर पदे किती, पगार किती जणांचा निघतो आणि यादीत नावे किती आहेत, एवढी साधी बेरीज कोणी करून पाहिली असती तर माझी लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली असती. ते दोघे शिक्षक पुढचा महिनाभर शाळा सुटल्यावर गाडीत बसून वाड्या-वस्त्या फिरत राहिले. आमच्या शाळेतून त्या वेळी आदेश आले त्यांत प्रयोगशाळेतले एक परिचर होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, गुडघ्याने अधू झालेले. डोंगरातल्या एका केंद्रावर त्यांना शेवटचा दीड किलोमीटर यंत्राची पेटी धरून चालावे लागले. परत आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. त्यांना माहीत होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही.

या प्रसंगाचा दोष मी संस्थेवर ढकलत नाही. सही माझी होती. मात्र अशी सही करणारी मी एकटीच होते असे मानायला मी तयार नाही. नातेवाईकाचे, जवळच्या माणसाचे किंवा ज्याला दुखवणे परवडत नाही अशा कोणाचे नाव गाळण्याचा मोह प्रत्येक कार्यालयात होऊ शकतो, आणि त्या मोहाला आडवे येणारे काहीही आज व्यवस्थेत नाही. निवडणूक कर्तव्यात कसूर करणाऱ्यासाठी 1951 च्या अधिनियमात कलम 134 आहे, त्यातला दंड 500 रुपयांपर्यंतचा आहे. पण ते कलम नामनिर्देशनपत्रे स्वीकारणे, मते नोंदवणे, मते मोजणे ही कामे करणाऱ्यांविषयी बोलते. अपुरी यादी देणाऱ्या कार्यालयप्रमुखाचा त्यात उल्लेख नाही. आदेश मिळूनही प्रशिक्षणाला गैरहजर राहिलेल्या शिक्षिकेला दुसऱ्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस जाते, आणि ज्याचे नावच गेले नाही तो निर्धास्त घरी राहतो. ज्याने प्रामाणिकपणे माहिती दिली तोच शिक्षेच्या कक्षेत येतो, हा यातला खरा अन्याय आहे.

यावरचा उपाय महाग नाही. अनुदानित शाळांचे पगार शालार्थ प्रणालीतून निघतात, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे सेवार्थमधून. ज्या महिन्यात माहिती मागवली त्याच महिन्यात त्या आस्थापनेतून किती जणांचा पगार निघाला हा आकडा कोषागार आणि वेतन पथकाकडे तयार असतो. निवडणूक शाखेने प्रत्येक आस्थापनेची यादी त्या आकड्याशी ताडून पाहावी, आणि जितकी नावे कमी असतील तितक्या नावांपुढे कार्यालयप्रमुखाकडून लेखी कारण घ्यावे : प्रसूती रजा, निलंबन, दीर्घ आजार, अन्यत्र प्रतिनियुक्ती, जे असेल ते. ही ताडणी काही ठिकाणी एखाद्या दक्ष अधिकाऱ्याच्या आग्रहामुळे होत असेलही. माझी विनंती आहे की ती अधिकाऱ्याच्या आग्रहावर अवलंबून राहू नये, प्रत्येक निवडणुकीच्या वेळापत्रकात तिला ठरलेली तारीख असावी. दुसरे असे की पाठवलेल्या यादीची प्रत त्या कार्यालयाच्या किंवा शाळेच्या सूचनाफलकावर तीन दिवस लावावी. फलकावर फक्त नाव आणि पद असावे. भ्रमणध्वनी, बँक खाते, मतदार क्रमांक असे काही तिथे येऊ नये, आणि कोणाला कुठे नेमले हे तर पूर्वीप्रमाणेच गुप्त राहावे. नेमणुका आधी फुटल्या तर कर्मचाऱ्यांवर दबाव येतो हे मी जाणते. परंतु यादीत कोण आहे आणि कोण नाही हे सहकाऱ्यांना दिसले, तर माझ्यासारख्या मुख्याध्यापिकेला संस्थेच्या निरोपापुढे सांगायला एक सबळ कारण मिळेल. मला त्या दिवशी तसे कारण हवे होते.

आता जी गोष्ट कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे तिच्याकडे येते. आपल्याकडे शिक्षणसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, बँका, सूतगिरण्या आणि राजकारण यांची गुंफण जुनी आहे, आणि तिचे भले-बुरे दोन्ही परिणाम या जिल्ह्याने पाहिले आहेत. सहकाराने इथल्या शेतकऱ्याला उभे केले हे मी नाकारत नाही. परंतु यातून एक अशी स्थिती तयार झाली आहे की अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासन देते आणि त्याची नेमणूक, बदली व बढती संस्था करते. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांच्या घरातले कोणी उमेदवार असतील, तर तो शिक्षक केंद्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसावा का? कलम 26 म्हणते की निवडणुकीत किंवा निवडणुकीसंबंधाने उमेदवाराने कामाला ठेवलेल्या अथवा त्याच्यासाठी अन्य प्रकारे काम करत असलेल्या व्यक्तीला नेमू नये. प्रचारात नसलेला शिक्षक या शब्दांच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे त्याला नेमणे बेकायदा ठरत नाही. पण कायद्याने ज्या धोक्यापासून जपण्यासाठी ते शब्द घातले तो धोका तिथे पुरेपूर असतो.

मतदारसंघ बदलून पाठवण्याचा नियम यासाठी पुरेसा आहे असे पुष्कळांना वाटते, आणि विधानसभेच्या निवडणुकीत तो बऱ्याच अंशी पुरतोही. लोकसभेच्या निवडणुकीत मात्र तो तोकडा पडतो. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. कागलच्या शाळेतल्या शिक्षकाला राधानगरीत पाठवले की नियम पाळला जातो, पण यंत्रावर उमेदवारांची नावे तीच असतात. गाव बदलले, मालक बदलला नाही. शिवाय मोठ्या संस्थांच्या शाखा एका तालुक्यात थांबत नाहीत.

एका लोकसभा निवडणुकीत मी अशीच दुसऱ्या तालुक्यात केंद्राध्यक्ष होते. सकाळी मतदान प्रतिनिधींची ओळखपत्रे तपासत असताना एका प्रतिनिधीने माझ्या नियुक्तीपत्रावरचे शाळेचे नाव वाचले आणि अतिशय सभ्यपणे विचारले, “बाई, ही अमक्यांच्या संस्थेची शाळा ना?” मी हो म्हटले. ते अमके ज्यांच्या प्रचारसभांत व्यासपीठावर बसत होते ते उमेदवार या प्रतिनिधीच्या उमेदवाराविरुद्ध उभे होते. त्याने पुढे काही आक्षेप घेतला नाही, पण संध्याकाळी सहापर्यंत तो जागचा हलला नाही, जेवायलाही गेला नाही, आणि प्रत्येक वृद्ध किंवा अंध मतदाराबरोबर सोबती आला की तो उठून उभा राहत असे. मी नियमाबाहेर एक पाऊलही टाकले नव्हते. नमुना 17 क वर, म्हणजे नोंदवलेल्या मतांच्या हिशेबावर, त्याने सही केली, प्रत घेतली आणि नमस्कार करून गेला. त्याचा संशय अवाजवी होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही जेवायला गेले नसते.

म्हणून माझी दुसरी विनंती अशी की कर्मचारी-माहितीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा : खाजगी अनुदानित संस्था असल्यास तिचे नोंदणीकृत नाव. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की उमेदवार निश्चित होतात, आणि प्रत्येक उमेदवाराने कोणत्या शिक्षणसंस्थेत आपण किंवा आपले पती-पत्नी पदाधिकारी आहोत हे एका पानावर लिहून द्यावे असे निवडणूक निर्णय अधिकारी त्याला सांगू शकतील. त्या संस्थांचे कर्मचारी दुसऱ्या सरमिसळीआधी वेगळे काढावेत. त्यांना घरी बसवावे असे मी म्हणत नाही, कारण मग मोठ्या संस्थांतल्या सगळ्यांनाच आयती सूट मिळेल आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांवर दुप्पट भार पडेल. लोकसभेच्या वेळी कोल्हापूर मतदारसंघातल्या अशा कर्मचाऱ्यांना हातकणंगले मतदारसंघातल्या शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी किंवा शिरोळ इथे पाठवावे आणि तिकडच्यांना इकडे आणावे. यात एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. स्वतःच्या लोकसभा मतदारसंघात नेमलेल्या कर्मचाऱ्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना 12 ब वर, ज्या केंद्रावर काम करतो तिथेच यंत्रावर मत देता येते. बाहेर गेला की त्याला टपाली मतपत्रिका घ्यावी लागते. पूर्वी या मतपत्रिका वेळेत हाती पडत नसत आणि लोकांना मत द्या म्हणून सांगणाऱ्या आमच्यासारख्या कित्येकांचेच मत वाया जात असे. 2023 च्या नियमदुरुस्तीनंतर निवडणूक कर्तव्यावरील मतदारांनी सुविधा केंद्रातच टपाली मत द्यायचे ठरले आहे, त्यामुळे प्रशिक्षणाच्या ठिकाणीच ते काम उरकता येते. थोडे नियोजन वाढेल, पण मत बुडणार नाही.

सूट देण्याच्या पद्धतीविषयीही लिहायला हवे. आदेश निघाल्यावर पुढचे चार-पाच दिवस निवडणूक शाखेच्या दारात जी गर्दी होते ती आपण पाहता. त्या रांगेत हृदयशस्त्रक्रियेची फाईल काखेत धरलेले खरे रुग्ण असतात, आणि केवळ केंद्र दूरचे मिळेल म्हणून आलेले धडधाकटही असतात. माझ्या एका तरुण सहकारी शिक्षिकेचे बाळ सात महिन्यांचे होते. एका कार्यालयात तिला दोन दिवस उभे केले गेले, तिसऱ्या दिवशी सांगण्यात आले की अर्ज मुख्याध्यापकामार्फत नाही. आणि तिच्यासमोरून एक गृहस्थ आत गेले, दहा मिनिटांनी आदेश रद्द झाल्याचा कागद घेऊन बाहेर आले. त्यांचे कारण कदाचित तिच्याहून गंभीर असेल. पण ते कोणालाच कळले नाही, आणि न कळल्यामुळे त्या रांगेतल्या प्रत्येकाने वाईटच अर्थ काढला. ती बाळाला आईकडे ठेवून कामावर गेली, मध्यरात्री साहित्य जमा करून पहाटे घरी पोहोचली.

गंभीर आजार, गरोदरपण, स्तनदा माता, पती-पत्नी दोघांनाही आदेश आले असतील आणि घरात लहान मूल असेल तर दोघांपैकी एक, यांना सूट मिळायला हवी आणि पुष्कळदा ती मिळतेही. मिळते कशी, हा प्रश्न आहे. वैद्यकीय कारणासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या डॉक्टरांनी तालुक्याच्या ठिकाणी एका ठरलेल्या दिवशी तपासणी करावी. बाळंतपण आणि लहान मुलांच्या कारणांसाठी आदेश निघाल्यावर धावाधाव करायला लावण्यापेक्षा मूळ तक्त्यातच मुलाची जन्मतारीख लिहून घ्यावी, म्हणजे तो आदेश निघणारच नाही. आणि ज्यांचे आदेश रद्द झाले त्यांची संख्या, खातेनिहाय आणि कारणनिहाय, मतदानानंतर प्रसिद्ध करावी. नावे नकोत, आजार हा ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. पण एखाद्या खात्यातून दर शंभरामागे पाच जण सुटले आणि दुसऱ्या खात्यातून तीस सुटले, हे दिसले तरी पुढच्या खेपेला प्रश्न विचारता येतील.

शिक्षकांना हे काम मुळात द्यावेच का, असा एक वाद नेहमी असतो, त्यात मी फार शिरत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे शिक्षकांना देण्यास परवानगी दिली आहे, आणि त्याआधी 2007 च्या डिसेंबरमध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी बोलवावे असे स्पष्ट केले होते. मतदानाचा एक दिवस आणि प्रशिक्षणाचे दोन दिवस यांनी शाळेचे काही बिघडत नाही. बिघडते ते वर्षभर चालणाऱ्या मतदार यादीच्या कामाने, आणि तिथेही आधीच्याच प्रश्नाची सावली पडते : एका शाळेतले दोनच शिक्षक वर्षानुवर्षे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारे केंद्रस्तरीय अधिकारी, राहतात आणि बाकीचे कधीच होत नाहीत, कारण नावे सुचवणारा हात तोच असतो.

हे सर्व आताच सांगण्याचे कारणही आहे. 2024 मध्ये 7 मे रोजी लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी अशी एकाच वर्षात दोनदा तीच माणसे बाहेर काढावी लागली. 2025 मध्ये आयोगाने एका मतदान केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या 1500 वरून 1200 वर आणण्याचे ठरवले. मतदाराच्या दृष्टीने हा निर्णय चांगला आहे. कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत 2024 ला 71 टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि इतके मतदान होते तेव्हा दुपारच्या उन्हात रांगेत किती वेळ जातो हे आम्ही आतून पाहिले आहे. पण केंद्रे वाढली की पथके वाढतील, आणि पथके वाढली की यादीत ज्यांची नावे प्रामाणिकपणे गेली आहेत त्यांचीच पाळी पुन्हा पुन्हा येईल. जिल्हा परिषद, पंचायत समिती, महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग संविधानाच्या अनुच्छेद 243 के आणि 243 झेड ए नुसार घेतो, आयोग वेगळा, नियम काहीसे वेगळे, पण बोलावली जाणारी माणसे तीच असतात आणि त्यांची माहितीही याच कार्यालयांतून, याच सह्यांनी जाते. म्हणून एकदा मूळ यादी स्वच्छ झाली तर तिचा उपयोग दोन्हीकडे होईल.

एक गोष्ट राहिली. कलम 26 मध्येच अशी तरतूद आहे की एखादा मतदान अधिकारी केंद्रावर आलाच नाही, तर केंद्राध्यक्ष तिथे हजर असलेल्या, उमेदवारासाठी काम न करणाऱ्या कोणालाही त्या जागी नेमू शकतो आणि तसे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो. हा अधिकार वापरण्याची वेळ माझ्यावर एकदा आली होती. शाई लावणारा अधिकारी रात्री तापाने फणफणला आणि राखीव माणूस पोहोचायला दुपार होणार होती. तेवढ्या वेळात, अनोळखी गावात, कोण कोणाच्या बाजूचा नाही हे ठरवताना मला जो घाम फुटला तो मला आठवतो. शेवटी मी गावातल्या टपाल कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला विचारले, सर्व प्रतिनिधींची संमती घेतली, रोजनिशीत नोंद केली आणि मगच त्याला शाईची बाटली दिली. काही तासांच्या, एका माणसाच्या नेमणुकीसाठी मला एवढी चौकशी करावी लागली, आणि तीच मी, शाळेच्या तक्त्यावर सही करताना, एकालाही काही न विचारता दोन नावे गाळू शकले होते.

पुढील निवडणुकीसाठी कर्मचाऱ्यांची माहिती मागवणारे परिपत्रक निघेल तेव्हा त्यात तीन बदल करावेत अशी माझी विनंती आहे : तक्त्याखाली कार्यालयप्रमुखाबरोबर कर्मचाऱ्यांच्या एका प्रतिनिधीची सही असावी, न पाठवलेल्या नावांसाठी कारणांचा रकाना असावा, आणि तक्ता पगारपत्रकाशी ताडून पाहिल्याची तारीख त्यावर नोंदवलेली असावी. माझ्या शाळेने त्या वर्षी पाठवलेल्या तक्त्याविषयी आपल्या कार्यालयास काही चौकशी करायची असल्यास मी लेखी जबाब देण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
कोल्हापूर